हिवाळ्यापुरती जागा

दिवाळी झाली की तुमसरच्या राइस मिल रात्रंदिवस चालू होतात. नव्या धानाचे ट्रक रांगेत उभे राहतात आणि मिलच्या बाजूच्या वस्तीत पत्र्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या माठाच्या झाकणीवर पिवळसर भुकटी बसू लागते. मी त्या वस्तीत वाढले. शाळेचं दप्तर फुंकर मारल्याशिवाय मी कधी उघडलं नाही. बाबा मिलमध्ये कामाला होते. आधी पोती वाहायचे, मग मशीनवर. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या आणि मी हसायचे. त्यांच्या त्या कामावर मी शिकले, आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले, भंडाऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागले. श्वसनसंस्थेचा धडा दरवर्षी येतो. फळ्यावर फुप्फुसाचं चित्र काढताना गेली काही वर्षं माझा हात जड होतो.

मागच्या हिवाळ्यात बाबांना दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं.

"थंडी आणि धूळ एकत्र आली की यांना झेपत नाही," ते म्हणाले. "पुढचा हिवाळा यांना तिथे काढू देऊ नका. दिवाळीपासून होळीपर्यंत मोकळ्या हवेत ठेवा. धूळ नको, धूर नको. पुन्हा असा झटका आला तर मी काही सांगू शकणार नाही."

मोकळी हवा म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही. ते आमचं आम्हाला शोधायचं होतं.

आई गेल्यापासून बाबा मिलमागच्या खोलीत एकटेच राहत. आमचं भंडाऱ्याचं घर नवऱ्याच्या वर्कशॉपच्या वर आहे. तो जुन्या गाड्यांच्या बॉड्या बांधतो, त्यामुळे खाली दिवसभर वेल्डिंग आणि रंगाचा फवारा. तिथे आणण्यात अर्थ नव्हता, आणि बाबा आलेही नसते. "लेकीच्या घरी दोन रोज पाहुना, तिसऱ्या रोजी फजिती," हे ते माझ्या लग्नापासून म्हणत आले होते. भाड्याच्या खोल्या पाहिल्या. पहिल्या घरमालकिणीने अंगणात उभ्या बाबांचा खोकला ऐकला आणि खोली कालच दिली म्हणाली. दुसऱ्याने सरळच विचारलं, "टीबी गिबी त नाई ना?" मी रिपोर्ट काढून दाखवायला लागले. बाबा म्हणाले, "ठेव व ते पर्समदी. कोनाकोनाले दाखवशील?"

राहिली आत्या. बाबांची मोठी बहीण, गोसीखुर्द धरणाच्या पाण्याकाठी एका गावात दिलेली. तिच्याकडे अंगण आहे, हवा आहे, माणसं आहेत. मी तिचं नाव एकदाच काढलं.

"बहिनीच्या घरी भाऊ कुत्रा," बाबा म्हणाले. "आयकलं हाय ना?"

ती म्हण आमच्याकडे सगळ्यांनीच ऐकलेली असते. विषय तिथेच संपला.

शेवटी नवरा बाबांना म्हणाला, "मामाजी, घर भेटत नाई त आपन घरच बनवून टाकू." एका बंद पडलेल्या शाळेची मिनीबस त्याच्याकडे विकायला आली होती. त्याने तिच्यातल्या सीट काढल्या, पलंग बसवला, दोन शेगड्यांचा ओटा केला, टपावर पाण्याची टाकी चढवली, आणि पलंगाच्या उशाशी बाबांच्या वाफेच्या मशीनसाठी वेगळा प्लग दिला. पिवळ्या रंगावर पांढरा रंग दिला. आत एका खिडकीवर मात्र "हात बाहेर काढू नका" ही पट्टी तशीच राहिली. बाबांनी मला ती वाचायला लावली.

"शाळेत मी गेलो नाई," ते म्हणाले, "त आता शाळेचीच गाडी आली मले घ्याले."

त्यांना गाडी आवडली, कारण ती कोणाचंच घर नव्हती. आता प्रश्न एवढाच राहिला की ती होळीपर्यंत उभी कुठे करायची. मिल चालू झाल्या होत्या. मला रविवारच मिळत होते, आणि दोन रविवारांच्या मधले सगळे दिवस बाबा तुमसरलाच, खिडक्यांना ओले कपडे लावून बसलेले असायचे. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी मी फोन करायचे. ते काय बोलतात याकडे माझं लक्षच नसायचं. दोन शब्दांच्या मध्ये ते किती वेळ थांबतात, ते मी ऐकत असायचे.

पहिल्या रविवारी आम्ही जंगलाच्या गेटजवळच्या एका रिसॉर्टला गेलो. त्यांच्या वेबसाइटवर कॅराव्हॅनची खास सोय म्हणून लिहिलं होतं, आणि सोय खरंच होती. सिमेंटचा ओटा, विजेचा खांब, नळ, मागे स्वच्छ संडास-बाथरूम. मॅनेजर इस्त्रीच्या शर्टातला तरुण होता.

"किती नाइट, मॅडम?"

"होळीपर्यंत."

तो हसला, आणि मी हसत नाही हे पाहून थांबला. "आमच्याकडे लोक दोन नाइट थांबतात. वाघ दिसला की जातात. नाही दिसला तरी जातात."

मालकाला फोन लावून त्याने परवानगी मिळवली. मला वाटलं, झालं. तेवढ्यात सफारीच्या जिप्सी परत येऊ लागल्या, एकामागून एक, आणि गेटपासून रिसॉर्टपर्यंतचा मुरमाचा रस्ता हवेत उठला. बाबांनी दुपट्टा तोंडावर घेतला. धूळ बसेपर्यंत दिवस मावळायला आला आणि प्रत्येक ओट्यासमोर शेकोटीची लाकडं रचणं सुरू झालं.

"हे रोज पेटवता?" मी विचारलं.

"रोज. गेस्टला फायर पाहिजेच."

"आमच्यासमोरची नका पेटवू."

"मॅडम, तुमच्यासमोरची नाही पेटवत. पण धुराला मी कसं सांगू?"

तो खरं तेच बोलत होता. बाबांना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. बाजूच्या ओट्यावर एक कुटुंब बसलं होतं. त्यातल्या बाईने मुलांच्या खुर्च्या उचलून पलीकडे नेल्या. बाबांनी ते पाहिलं. उबळ ओसरल्यावर ते उठून गाडीत जाऊन बसले.

"चाल पोरी," ते म्हणाले. "वाघाले त्रास होऊन रायला माह्यानं."

त्यानंतरच्या आठवड्यात फोनवरच्या त्या थांबण्याच्या जागा लांबत गेल्या. शुक्रवारी ते "जेवलो" हा एकच शब्द बोलले आणि फोन ठेवला.

अड्याळजवळ एका शेतकरी जोडप्याने आमराईत कृषी पर्यटन सुरू केलं होतं. नवऱ्याच्या ओळखीच्या कोणीतरी सांगितलं, म्हणून गेलो. मला ती जागा पाहताक्षणी पटली. आंब्यांची गार सावली होती, वीज होती, विहिरीचं पाणी होतं आणि दवाखाना जवळ. शेतकरी दादांनी स्वतःहून सांगितलं, "शेकोटी नाई पेटणार, ताई. चूलबी मागच्या बाजूले हाय. शब्द देतो." कुंपणाला लागून शेजाऱ्याच्या शेतातल्या बांधीत धानाची पुंजणी उभी होती. कापलेला धान भाऱ्यांसकट गोल रचून ठेवतात, त्याला आमच्याकडे पुंजणं म्हणतात. उन्हात ती सोन्यासारखी दिसत होती. बाबा कुंपणाजवळ गेले, हात लांबवून त्यांनी एका भाऱ्याला स्पर्श केला आणि लोंब्या बोटांवर घेऊन पाहिल्या.

"इथंच ठीक हाय," ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते एखाद्या जागेला हो म्हणाले होते.

गाडी आंब्याखाली लावून नवरा एसटीने परत गेला. मी शाळेतून रजा घेतली होती. दोन दिवस बाबा शांत झोपले. सकाळी उठून विहिरीपर्यंत चालत जायचे, दादांशी माशांच्या गोष्टी बोलायचे. मी दूर उभी राहून त्यांची छाती खाली-वर होताना पाहायचे, आणि मनातल्या मनात जागेचे आभार मानायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक ट्रॅक्टर आला. त्याच्यामागे मळणीचं मशीन. ते शेजाऱ्याच्या बांधीत शिरलं आणि पुंजण्याला लागून उभं राहिलं.

हे अड्याळच्या कोणत्याही माणसाला माहीत असतं. धान कापून झाला की पुंजण्यात आठवडेच्या आठवडे उभा राहतो, आणि मजूर-मशीन मिळालं की त्याचा चुरणा होतो, म्हणजे मळणी. आम्हा दोघांना ते सुचलंच नाही. जन्मभर आम्ही तांदळावर जगलो, पण बाबांचा जन्म वैनगंगेवर मासे धरणाऱ्या घरातला आणि माझा मिलच्या वस्तीतला. आम्ही धान पाहिला तो पोत्यातला. पोत्यात येण्याआधी त्याची धूळ कुठे उडत असेल, असा विचार आमच्यापैकी कोणाच्याच मनात कधी आला नव्हता.

मशीन चालू झालं तेव्हा बाबा विहिरीजवळ होते. वारा आमच्याकडेच होता. भुशाचा एक ढग उठला, आमराईवर आला आणि आंब्यांमध्ये अडकून राहिला. मी धावले. बाबा विहिरीच्या कठड्याला धरून वाकलेले होते. मी त्यांना गाडीपर्यंत आणलं, खिडक्या लावल्या, श्वासाचा पंप दिला, वाफेचं मशीन लावलं. गाडीतल्या हवेतही भुसा तरंगत होता. त्यांच्या गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता. ओठांचा रंग बदलायला लागला. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, आणि ती पकड सैल होते की काय याच्याकडेच माझं सगळं लक्ष होतं.

दादा बांधीकडे ओरडत गेले, "बंद करा गा! बंद करा!" मशीन थांबलं. त्यांनीच आपली कार काढली आणि आम्हाला अड्याळच्या दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लागला. बाबांच्या ओठांचा रंग परत यायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. मी भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पाहत नव्हते.

दादा दारात उभे होते, अपराध्यासारखे. "ताई, मले वाटलं तुमाले मालूम असन. चुरन्याचेच दिवस हायत ना हे."

"तुमची काही चूक नाही, दादा," मी म्हणाले. खरंच नव्हती.

बाबांना बोलता यायला लागल्यावर ते म्हणाले, "मिलवाले ना आपन, पोरी. उभा धान पाहून भुललो."

दोन दिवसांनी त्यांना सोडलं. आमराईत परत जाता येत नव्हतं. तुमसरला नेण्याचा प्रश्नच नव्हता. नवरा आमराईतून गाडी घेऊन आला आणि फोनवर शोधत बसला. गोसीखुर्दच्या पाण्यावर कोणीतरी नवं तंबूंचं रिसॉर्ट काढलं होतं. गाडी उभी करू देतो म्हणाले. अड्याळहून ते फार लांब नव्हतं. बाबांना पलंगावर निजवून आम्ही दवाखान्यातून सरळ तिकडेच निघालो. वाटेत आत्याचं गाव लागलं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते, पण ते झोपलेले नव्हते.

पाणी मोठं होतं. त्याच पाण्याखाली कुठेतरी बाबांचं आणि आत्याचं जन्मगाव आहे. धरण झालं तेव्हा बाबा तुमसरला येऊन कितीतरी वर्षं झाली होती. आत्याचं सासर उंचावर होतं म्हणून वाचलं. इथली हवा इतकी स्वच्छ होती की बाबांच्या श्वासातली घरघर मला पहिल्यांदा स्पष्ट, वेगळी ऐकू आली. तंबू एका ओळीत, सगळे रिकामे. मॅनेजर सुट्टीवर होता. वॉचमनने आम्हाला सगळं दाखवलं आणि शेवटी बोटींकडे बोट केलं.

"बुडलेल्या गावावरून फिरवून आनतो आम्ही. तिकीट हाय. लोकाइले लय आवडते."

"मी त पायी फिरलो हाय त्या गावात," बाबा म्हणाले. "तिकीट कायले काढू?"

वॉचमनला ते कळलं नाही. मी विचारलं, रात्री इथे कोण असतं? त्याने सरळ सांगितलं, शनिवार-रविवार सोडला तर कोणी नाही. तोही दिवस मावळला की गावात जातो. फोनला रेंज बंधाऱ्यावर गेलं तरच.

"इथंच रायतो मी," बाबा म्हणाले.

"बाबा, इथे हवा आहे, पण माणूस नाही. परवासारखं झालं तर कोण ऐकेल?"

"पान्यातल्या मासोया आयकतीन."

"हसू नका. मी उद्यापासून शाळेत असेन. रेंज नाही. मला कळणार कसं?"

"नाई कळलं त नाई कळलं!" त्यांचा आवाज चढला आणि लगेच तुटला. "कोनाच्या दारात खोकलत बसू मी? सांग ना. जाऊन पायलं ना सगळीकडं?"

काठाला एक मासेमार जाळं आवरत होता. तो आमच्याकडे बराच वेळ पाहत होता. मग जवळ येऊन म्हणाला, "बाबाजी, तुमी पलीकडल्या गावच्या आमच्या काकीचे भाऊ नोहय का? दिसता त तसेच."

"नाई गा," बाबा म्हणाले, आणि त्यांनी तोंड फिरवलं.

मासेमार डोंगा वल्हवत निघून गेला. आम्ही तिघे गाडीजवळ बसून राहिलो. नवऱ्याने दोन-तीन ठिकाणी फोन लावायला म्हणून बंधाऱ्याचा रस्ता धरला आणि हात हलवत परत आला. दुपार कलायला लागली तेव्हा तोच डोंगा परत येताना दिसला. आता त्यात एक बाई बसली होती, नऊवारीचा काष्टा घट्ट आवळून. डोंगा काठाला लागायच्या आतच तिचा आवाज आला.

"काहून रे भाऊ! लोकाइले सांगतं का मी तिचा भाऊ नोहय म्हनून?"

बाबा उठून उभे राहिले. आत्यापुढे ते नेहमी उभेच राहत. "बाई, तू कायले आली एवढ्या दुरून?"

"मी दुरून आली? गाडी माह्या दारावरून गेली! मी भाजी निवडून रायली होती. म्हनलं, कोन साहेब चालला पांढऱ्या गाडीत. त हा साहेब!" ती चिखलातून वर आली, माझ्या गालावरून हात फिरवला, नवऱ्याला "जवाई, तुमीबी याच्यात सामील का?" म्हणून सुनावलं आणि पुन्हा बाबांकडे वळली. "चाल. सामान गाडीतच हाय ना? चाल माह्या घरी."

"नाई बाई."

"काहून?"

बाबांनी ती म्हण म्हटली, खाली पाहून, अर्धीच.

आत्याचा चेहरा लाल झाला. "स्वताले कुत्रा म्हनते! अन् मंग मी कोन झाली? कुत्र्याची बहीन?"

"तुह्या सुनेनं उद्या एक शब्द म्हनला त..."

"माह्या सुनेचं तोंड मी सांभाळीन. तू तुह्यं सांभाळ."

"चार महिने, बाई. चार रोज नोहय. चार महिने कोनी कोनाच्या..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही. उबळ आली. मी त्यांना गाडीत नेलं, पलंगावर बसवलं, मास्क लावला. बॅटरीवर मशीन घरघरू लागलं. आत्या पायरीवर उभी राहून ते सगळं पाहत होती. भाऊ दम्याने खोकलतो एवढंच तिला माहीत होतं. गळ्याखालचा तो आत जाणारा खळगा तिने पहिल्यांदाच पाहिला. तिचा राग उतरला, आणि त्याच्या जागी जे आलं ते मी दोन दिवसांपूर्वी अड्याळच्या दवाखान्याच्या आरशात माझ्याच चेहऱ्यावर पाहिलं होतं.

वाफ संपली. बाबांनी मास्क काढला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "मले तुमसरले नेऊन सोड. जे व्हाचं ते माह्या खोलीत होईन. पन माह्या."

नवरा ड्रायव्हरच्या सीटवर बसून समोर पाण्याकडे पाहत होता. त्याने किल्लीला हात लावला नव्हता, पण हात किल्लीजवळ होता.

आत्या वर चढली. तिने पलंग पाहिला, ओटा पाहिला, शेगडीचं बटन फिरवून पाहिलं, डब्यांची झाकणं उघडून वास घेतला. मग पलंगासमोरच्या बाकावर मांडी घालून बसली.

"हे घर कोनाचं?"

"कोन्तं?" बाबांनी विचारलं.

"हेच. मी बसली हाय ते. जवायाचं?"

"मामाजीच्या नावानं हाय गाडी," नवरा मागे न पाहता म्हणाला.

"म्हंजे माह्या भावाचं घर हाय. म्हंजे मी माहेरी बसली हाय." तिने खिडकीतून पाण्याकडे बोट केलं. "पान्यानं गाव खाल्लं, भाऊ. तवापासून मले माहेर नाई. माही सून दिवाळीले माहेरी जाते, संक्रांतीले जाते. मी कोठं जाऊ? तुह्या मिलच्या खोलीत एक रात झोपली, त दुसऱ्या रोजी डोळ्यात भुसा घेऊन आली. मंग नाई आली. तुले वाटलं असन बाई विसरली."

बाबांनी मान हलवली. ती हो की नाही, मला कळलं नाही.

"तुह्या आंगनात गाडी उभी केली म्हंजे तुह्याच घरी झालं ना, बाई," ते शेवटी म्हणाले.

"आंगनात कोन म्हनते? कुंपनाच्या बाहेर बोरीचं झाड हाय. ती जागा ना माही, ना माह्या सासऱ्याची. गावाची हाय. कुंपनाच्या आत माहं सासर, बाहेर माहं माहेर. तू माह्या घरी पाय ठेवू नोको, जेवू नोको. मी येईन तुह्या घरी जेवाले. लेकीले माहेरी कोनी कुत्री म्हनत नाई."

"अन् लाइट? वायर त तुह्याच घरून येईन."

"वायर कुत्र्याले नाई देत कोनी, भाऊ. मानसाले देतेत."

नवऱ्याच्या खांद्यांची हालचाल मला मागून दिसली. तो आवाज न करता हसत होता. बाबा हसले नाहीत. ते बराच वेळ खिडकीवरच्या पट्टीकडे पाहत राहिले, जणू त्यांना ती वाचता येत होती. मग त्यांनी पलंगाच्या कडेला हात टेकला, उठले, शेगडीजवळ गेले आणि पातेलं घेतलं.

"चहात साखर किती घेतं, बाई?"

"घरी एक चमचा," आत्या म्हणाली. "माहेरी दोन."

तो हिवाळा गाडी बोरीखाली उभी राहिली. आत्या रोज सकाळची कामं आटोपली की हातात पिशवी घेऊन फाटकाबाहेर निघायची आणि सुनेला मोठ्याने सांगायची, "मी माहेरी चालली व!" गावातल्या बायका हसायच्या. पुढे पुढे त्याही भेटायला यायला लागल्या, माहेरी आलेल्या बाईला भेटायला येतात तशाच. बाबा सगळ्यांना चहा करायचे. आत्याच्या घरी ते एकदाही जेवले नाहीत. तिने मासे दिले की ते शिजवून तिलाच वाढायचे आणि ती मीठ कमी म्हणून भांडायची. संक्रांतीला त्यांनी मला फोन करून भंडाऱ्याहून लुगडं आणायला लावलं. तिने ते घेतलं, काठ पाहिला, "मिलवाल्याची पसंद" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी नेसून आली.

भीती मात्र गेली नाही. जानेवारीत थंडी उतरली तेव्हा एकदा पहाटे फोन वाजला आणि पलीकडे आत्या होती. तिने आपल्या बिछान्यातून भावाचा खोकला ऐकला होता. वेगळा वाटला म्हणाली. मी आणि नवरा निघालो. आम्ही पोचलो तेव्हा बाबा पलंगावर टेकून बसले होते, तोंडाला मास्क, आणि आत्या समोर बसून त्यांच्या छातीकडे पाहत होती, दूध उतू जाऊ नये म्हणून पाहावं तशी. मशीन कसं लावायचं ते मी तिला एकदाच दाखवलं होतं. पंप, मशीन, मग मला फोन, हा क्रम तिने चुकवला नव्हता. दवाखान्यात न्यावं लागलं नाही.

होळी झाली. ऊन तापायला लागलं, मिलची गर्दी ओसरली. बाबांना त्यांच्या खोलीची, त्यांच्या माणसांची ओढ लागली होती. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पुढच्या दिवाळीला पुन्हा. न्यायला आम्ही एका रविवारी गेलो. आत्याने पापड, चारोळी, वाळलेली मासोळी असं सगळं गाडीत भरलं आणि फाटकाजवळ उभी राहिली. नवऱ्याने किल्ली फिरवली. गाडी खोकलली आणि बंद पडली. इतके दिवस एका जागी उभी राहून बॅटरी बसली होती.

"ढकलावं लागन," नवरा म्हणाला.

आत्याचा मुलगा आला, सून आली, शेजारचे दोघे आले. आत्याने पदर खोचला आणि मागच्या बाजूला हात लावला. "पाहा व बायांनो," ती ओरडली, "लोकाइच्या लेकी माहेर सोडून जातेत. मी माह्यं माहेरच ढकलून रायली!"

सगळे हसत होते. तेवढ्यात मी पाहिलं, बाबाही मागे गेले होते. आत्याच्या बाजूला, दोन्ही हात गाडीला लावून.

"बाबा, तुम्ही नाही!" मी ओरडले. "बाबा!"

त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. गाडी हलली, बोरीच्या सावलीतून बाहेर सरकली, उतारावर आली. बाबा तिच्यासोबत चालत होते, जोर लावत, पाय मातीत रोवत. इंजिन धडाडून चालू झालं आणि सगळे मागे राहिले. मी धावत त्यांच्याजवळ गेले. ते कमरेवर हात ठेवून उभे होते. मी त्यांच्या गळ्याखालच्या खळग्याकडे पाहत राहिले, त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तळव्याने ती घरघर शोधू लागले. श्वास जोरात चालला होता. पण ढकलून झाल्यावर कोणाचाही चालतो तसा.

"काय पायतं?" ते मला म्हणाले, एका दमात. "बाईले रामराम केला नाई अजून. हाक मार जवायाले, गाडी पुढं गेली."